घरी बांधलेली ही स्पोर्ट्स कार मुळात कोणती सेडान होती? ओळखायला मदत हवी

सायंतारा

नमस्कार मंडळी. ओळखीच्या एका काकूंच्या शेडमध्ये बरीच वर्षं ताडपत्रीखाली एक लाल, ठेंगणी, दोन सीटची गाडी उभी आहे. काकांनी ती कुणाकडून तरी चालू स्थितीत घेतली होती. काका आता नाहीत, कागद सापडत नाहीत आणि गाडीवर ना नाव, ना बिल्ला. काकूंना शेड रिकामी करायची आहे. भंगारवाला येऊन बघून गेला, म्हणाला इंजिन आणि चाकं नेतो, बाकीचं तोडून टाका. ते ऐकून मला फार वाईट वाटलं. मी काकूंकडून पंधरा दिवस मागून घेतलेत.

गाडी कुठे आहे ते काकूंच्या इच्छेवरून लिहीत नाही. फोटो जोडलेत. वर्णन असं: लांब, पाचरीसारखं निमुळतं नाक, वर उघडणारे हेडलाइट, उंची जेमतेम ११५ सेंमी. बॉडी फायबरग्लासची. नेहमीसारखे दोन दरवाजे. आत बसलं की मात्र स्पोर्ट्स कारचं काहीच वाटत नाही. हँडब्रेक, गिअरचा दांडा, काच खालीवर करायचा हँडल, सगळं साध्या घरगुती गाडीतलं. म्हणून वाटतं की कुणीतरी सेडानवर ही बांधली असावी. पण कोणत्या? आणि हे एखादं विकत मिळणारं किट आहे की एकट्याने घरी घडवलेली गाडी?

कार्बोरेटर

फोटो बघून पहिला अंदाज: पॉन्टिअॅक फिएरो. १९८४ ते १९८८ या काळात निघालेली ही गाडी. तिचा पोलादी सांगाडा स्वतंत्र आणि वरचे पॅनेल प्लास्टिकचे, त्यामुळे ते काढून फेरारीसारखी बॉडी चढवायचे उद्योग पुष्कळांनी केले.

सायंतारा

फिएरोचं इंजिन सीटच्या मागे ना? या गाडीचं पुढे आहे. पुढेच रेडिएटर, चार सिलिंडर उभे एका ओळीत, मागे लांब शाफ्ट जातो.

कार्बोरेटर

मग फिएरो बाद. मी फोटोतलं नाक बघून बोललो.

निरंजना

बीटल असेल का? घरी बांधलेल्या गाड्यांत सगळ्यात जास्त बीटलच असतात ना, बॉडी उचलली की खालचा फ्लोअरपॅन वेगळा राहतो म्हणून.

पानापक्कड

निरंजनाताई, बीटलचं इंजिन मागे आणि हवेवर थंड होणारं. रेडिएटर दिसला की तो विषय संपला. पण तुमचं तर्कशास्त्र बरोबर आहे. घरी गाडी बांधणारा नेहमी असाच पाया शोधतो, ज्याच्या वरचं काढलं तरी खालचं उभं राहतं. ट्रायम्फ हेराल्डवर इतक्या गाड्या बांधल्या गेल्या त्याही स्वतंत्र चासीमुळेच.

सायंताराताई, एक विनंती. नाक, दिवे, स्पॉयलर सध्या विसरा, त्यात बांधणाऱ्याची आवड दिसते, मूळ गाडी दिसत नाही. बांधणाऱ्याला जे स्वतः करता येत नाही ते तो मूळ गाडीतून जसंच्या तसं घेतो. ॲक्सल, ब्रेक, हब, स्टिअरिंग बॉक्स, काचा, दरवाज्याची कुलपं. तिथे बघा. सुरुवातीला तीन मापं द्या: पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंनी, चाकाला किती बोल्ट आणि त्यांच्या वर्तुळाचा व्यास, आणि मागे ड्रम आहे की डिस्क.

सायंतारा

आज मोजलं. व्हीलबेस डावीकडे २४२ सेंमी, उजवीकडेही तेवढाच, फार तर अर्धा सेंमी इकडेतिकडे. बोल्ट चार, वर्तुळ टेपने साधारण १०० मिमी. पुढे डिस्क, मागे ड्रम. मागचे दिवे काढले, काचेवर गोलात ई आणि ८ आहे.

घाटवळण

गोलातला ई८ म्हणजे चेकोस्लोव्हाकियात मिळालेली मान्यता. स्कोडा! प्रश्न सुटला.

पानापक्कड

घाटवळण, थांबा. तो आकडा मान्यता कुठे मिळाली ते सांगतो. ई१ जर्मनी, ई२ फ्रान्स, ई३ इटली, ई११ ब्रिटन. पण तो त्या दिव्याचा इतिहास आहे, गाडीचा नाही. मागचा दिवा दोन स्क्रूंवर बसतो. बांधणाऱ्याला जो आकार आवडला, जो हाताशी होता तो त्याने लावला. शिवाय त्या काळातल्या स्कोडा १०० आणि ११० ची इंजिनं मागे होती.

कार्बोरेटर

४ × १०० आणि पुढे इंजिन, मागच्या चाकांना ड्राइव्ह. बीएमडब्ल्यू २००२? ओपेल कॅडेट सी?

घाटवळण

२००२ चा व्हीलबेस २५०० मिमी. ८ सेंमी कापले असतील तर जमेल. कॅडेट सीचा २३९५, तिथे उलट जोडावं लागेल.

पानापक्कड

जोडणं-कापणं असेल तर फ्लोअरमध्ये आडवी वेल्डिंग दिसेलच, ते बघूच. पण मला त्या १०० वर विश्वास नाही. ताई, टेपने माप घेताना डोळा भोकाच्या मध्याचा अंदाज करतो आणि १०० हा गोल आकडा मनाला पटतो. ९८ आणि १०० मधला फरक टेपवर हरवून जातो. आणि तो फरक सगळं ठरवतो: ९८ असेल तर फियाटचं घराणं. ट्रायम्फ हेराल्डचं ९५.२५, तेही टेपवर जवळपास तसंच दिसतं.

व्हर्निअर कॅलिपर मिळवा. चार भोकं असतील तर समोरासमोरची दोन घ्या, एका भोकाच्या बाहेरच्या कडेपासून समोरच्याच्या आतल्या कडेपर्यंत मोजा. भोकं सारखी असली की तेच मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर. आणि एक बोल्ट काढून द्या. म्हणजे मुळात बोल्टच आहे की हबमधून बाहेर आलेला स्टड आणि वर नट, हेही सांगा.

जाता जाता सगळ्यांसाठी: ९८ च्या हबवर १०० चं चाक ओढूनताणून बसतं, म्हणून कितीतरी जण बसवतात. तसं करू नका. बोल्ट तिरपे बसतात, त्यांचा शंकू नीट टेकत नाही आणि ते चालता चालता सैल होतात.

फायबरवाला

मी गाड्यांपेक्षा रेझिनमधला माणूस, म्हणून किटच्या प्रश्नाचं उत्तर द्यायचा प्रयत्न करतो.

किट म्हणजे साच्यातून निघालेली बॉडी. साच्याची आतली बाजू गुळगुळीत असते, तिच्यावर आधी जेलकोटचा रंगीत थर देतात, मग काचेच्या मॅटचे थर. त्यामुळे बाहेरून बॉडी जन्मतःच गुळगुळीत आणि आतून खरखरीत, तंतू दिसणारी. एकच गाडी करायची असेल तर साचा करण्याचा दुप्पट व्याप कुणी घेत नाही. लाकडाच्या फासळ्या, प्लायवूड, प्लास्टर किंवा फोम यांचा पूर्ण आकाराचा ढाचा करायचा आणि फायबर थेट त्याच्यावर चढवायचं. मग सगळं उलट होतं: आतल्या बाजूला ढाच्याचा ठसा उमटतो आणि बाहेरची बाजू ओबडधोबड राहते. ती फिलर लावून, घासून, पुन्हा लावून, पुन्हा घासून सरळ करावी लागते. महिनोन्‌महिने चालतं हे काम. हात भरून येतात.

तर ताई, चाकाच्या कमानीत डोकं घालून आतली बाजू बघा. हात फिरवा, टॉर्च तिरपा धरा. आणि जिथे रंगाचा पोपडा आधीच निघालाय तिथे कड बघा. रंगाखाली लगेच एकसारखा कडक, रंगीत थर दिसला तर साचा. जाड-पातळ, खडूसारखा राखाडी किंवा पिवळट थर दिसला तर हाताने घडवलेली.

सायंतारा

कॅलिपर मिळाला. ९८! तीन वेळा मोजलं. दोनदा ९८.०, एकदा ९८.१. आणि नट नाहीत, बोल्टच आहेत. पानापक्कडदादा, तुम्ही पाहिल्याशिवाय ओळखलंत.

कमानीच्या आत हात फिरवला. फायबरवाले, आत लाकडाच्या रेषा आहेत! प्लायवूडच्या पट्ट्या शेजारी शेजारी ठोकल्यासारख्या, दोन पट्ट्यांमधल्या फटीत रेझिन उतरून उमटलेल्या कडा बोटाला लागतात. बोनेटच्या कडेला पोपडा निघालाय तिथे खाली राखाडी थर, कुठे एक मिमी, कुठे पाच-सहा.

फायबरवाला

मग ही साच्यातून आलेली नाही. या आकाराची दुसरी गाडी शोधण्यात वेळ घालवू नका. किटच्या याद्या चाळणाऱ्यांनीही थांबावं. ही एवढी एकच आहे.

पाच-सहा मिमी फिलर म्हणजे तिथे ढाचा आत दबला होता आणि त्याने तो भरून काढला. त्या जागी रंग पुन्हा पुन्हा तडकेल, ते नंतर बघू.

निरंजना

अंगावर काटा आला वाचून. बोटाला लाकडाच्या रेषा लागल्या म्हणजे त्या माणसाने ठोकलेल्या पट्ट्यांनाच हात लागला की.

पानापक्कड

९८, बोल्ट, २४२. फियाट १२४ सेडानचा व्हीलबेस २४२० मिमी. १९६६ ची गाडी, १९६७ ची युरोपियन कार ऑफ द इयर. तिचं वैशिष्ट्य म्हणजे साधी सेडान असून चारही चाकांना डिस्क ब्रेक. तुमच्या गाडीला मागे ड्रम आहेत.

याच १२४ वरून सोव्हिएत कारखान्याने तोल्याती इथे १९७० पासून वाझ-२१०१ काढली. बाहेर ती लाडा म्हणून विकली गेली. वरून दोन्ही सारख्या दिसतात, पण तिथल्या रस्त्यांसाठी पत्रा जाड केला, मागचे डिस्क काढून ड्रम घातले आणि इंजिन तर जवळजवळ वेगळंच केलं. फियाटचा कॅमशाफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडझाप करणारा दांडा, खाली ब्लॉकमध्ये, पुशरॉडवाला. वाझचा वर हेडमध्ये, साखळीवर फिरणारा. व्हीलबेस २४२४.

तेव्हा आता चार गोष्टी बघा. व्हॉल्व्ह कव्हरवरच्या तेलाच्या झाकणातून टॉर्च मारून आत कॅमशाफ्ट दिसतो का. मागच्या ॲक्सलला किती दांडे धरून आहेत. पुढच्या पुलीच्या मध्यावर हाताने इंजिन फिरवायच्या दांड्यासाठी खाच आहे का. आणि दरवाज्याचं बाहेरचं हँडल कसं आहे: बटण दाबायचं की खोबणीत बोटं घालून ओढायचं.

घाटवळण

हँडलचं काय? दिवे फसवतात तर हँडलही फसवेल ना.

पानापक्कड

एकटं असेल तर फसवेल, बरोबर आहे तुमचं. दरवाजा, बिजागरी, कुलूप आणि हँडल मिळून एकाच गाडीचं असेल तर नाही फसवणार. दिवा बदलायला दहा मिनिटं लागतात. नीट बंद होणारा दरवाजा स्वतः बनवणं हे या सगळ्या कामातलं फार अवघड काम. म्हणून शहाणा बांधणारा सेडानच्या दरवाज्याचा आतला सांगाडा ठेवतो आणि वरची कातडी बदलतो.

कार्बोरेटर

पुढच्या काचेचंही तसंच. वळणदार काच घरी होत नाही. सेडानचीच काच घेऊन मागे झुकवतात. समजा काच ५० सेंमी उंच आहे आणि उभ्या रेषेपासून ४० अंश झुकलेली. तिला ६० अंशांवर नेलं तर उभी उंची ३८ सेंमीवरून २५ वर येते. गाडी बुटकी करण्याचा सर्वांत सोपा उपाय. पण वळणदार काच मागे झुकवली की तिची दोन्ही टोकं खाली उतरतात आणि मधला भाग वर राहतो, म्हणून बोनेट संपतो तिथे मध्ये उंचवटा करावा लागतो. सायंतारा, तुमच्या पहिल्या फोटोत तो उंचवटा आहे! मला ती डिझाइनमधली हौस वाटली होती.

सायंतारा

चारही बघितलं. झाकणातून कॅमशाफ्ट दिसतो, वरच आहे. मागच्या ॲक्सलला चार दांडे लांबीच्या दिशेने आणि एक आडवा. पुलीच्या मध्यावर खाच असलेला मोठा नट आहे. हँडल खोबणीतलं, ओढायचं. दरवाजा आतून पोलादी आहे, बाहेरून फायबर. कार्बोरेटरच्या अंगावर सिरिलिक अक्षरं आहेत, मला वाचता येत नाहीत.

पानापक्कड

पाच दांडे, वरचा कॅम, हाताने फिरवायची खाच, ड्रम, ९८, बोल्ट. वाझ. आता मला शंका नाही.

मात्र नेमकं मॉडेल अजून ठरत नाही. २१०१ चं इंजिन ११९८ सीसी, बोअर (सिलिंडरचा व्यास) ७६ आणि स्ट्रोक (पिस्टनची वरखाली धाव) ६६ मिमी. तिच्याच घराण्यातल्या २१०३ चं १४५२, बोअर तोच पण स्ट्रोक ८०. २१०६ चं १५६९, बोअर ७९, स्ट्रोक ८०. ही इंजिनं एकमेकांच्या जागी बसतात, त्यामुळे बांधणाऱ्याने मोठं इंजिन घातलं असण्याची शक्यता बरीच. नंबर ब्लॉकच्या डाव्या बाजूला ऑइल फिल्टरच्या वर ठोकलेला असतो. केरोसिन आणि पितळी ब्रश घ्या, तारेचा कडक ब्रश नको. आकडे आधीच झिजलेले असतील तर आणखी झिजतील.

नंबर नाही वाचता आला तर चारही स्पार्क प्लग काढा, पहिल्याच्या भोकातून पातळ लाकडी काडी पिस्टनवर टेकवा आणि चाक नाही, पुलीचा नट हाताने सावकाश फिरवा. काडी किती वर येते आणि किती खाली जाते ते बघा. प्लगचं भोक तिरपं असल्याने माप तंतोतंत येणार नाही, पण ६६ आणि ८० मधला फरक लपत नाही. त्याआधी प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं तेल सोडा आणि एक रात्र जाऊ द्या. इतकी वर्षं उभ्या इंजिनाला कोरडं फिरवू नका. अडलं तर जोर लावू नका.

जुनीवाट

आतापर्यंत नुसती वाचत होते. वाझ म्हटल्यावर लिहावंसं वाटलं.

सोव्हिएत देशात घरी गाडी बांधणं ही मोठी चळवळ होती. दुकानात स्पोर्ट्स कार नव्हतीच, ज्याला हवी त्याने ती बांधायची. अनातोली आणि व्लादिमिर या श्चेर्बिनिन बंधूंनी १९६० च्या दशकात व्होल्गा गाडीचं इंजिन घेऊन आपली जीटीश्च ही गाडी बांधली. लेनिनग्राडची लाउरा ही गाडी १९८० च्या दशकातली. आणि या धाग्याशी सगळ्यात जवळची म्हणजे उत्तर रशियातल्या उख्ताच्या अलेक्सांद्र कुलिगिन यांनी १९८० मध्ये पूर्ण केलेली पँगोलिना: फायबरग्लासची पाचर, खाली वाझ-२१०१ चे भाग. तिला नेहमीसारखे दरवाजेच नव्हते, छतासकट सगळा वरचा भाग उचलला जायचा.

ही लाल गाडी तिकडची आहे असं मी म्हणत नाही. लाडा कितीतरी देशांत विकली गेली आणि पाचरीचं नाक तेव्हा जगभर सगळ्यांच्याच डोक्यात होतं. पण ज्याने ही बांधली त्याच्यापुढचे प्रश्न कुलिगिन यांच्यापुढचेच होते. लांब नाकात उभं, उंच इंजिन कसं लपवायचं? २१०३ चा ब्लॉक २१०१ पेक्षा ८.८ मिमी उंच आहे. एवढ्या ठेंगण्या बोनेटखाली ते ८.८ मिमीही जाणवतात. एअर फिल्टर कसा बसवलाय ते बघाल का?

सायंतारा

जुनीवाट, एअर फिल्टरचा गोल डबा आडवा कापून बुटका केलाय आणि पुन्हा झाळलाय. झाळकाम इतकं स्वच्छ आहे की तुम्ही विचारलं नसतं तर मला कळलंच नसतं.

आणि नंबर मिळाला. पूर्ण इथे देत नाही, पण सुरुवातीला २१०३ स्पष्ट आहे. काडीचा प्रयोगही केला. तेल सोडून एक रात्र थांबले. नट फिरला! काडीची हालचाल ७८-७९ मिमी. फ्लोअर खालून पूर्ण पाहिला, आडवी वेल्डिंग कुठेच नाही. व्हीलबेस ओळंबा सोडून जमिनीवर खुणा करून मोजला, २४२३.

पानापक्कड

म्हणजे पाया लाडा १२०० चा (बाहेर विकलेली २१०१) किंवा तिच्याच घराण्यातल्या गाडीचा, न कापलेला, आणि इंजिन १५०० चं, म्हणजे २१०३ चं. मुळातच २१०३ असेल का? तिचा पुढचा ट्रॅक १३६५ मिमी, २१०१ चा १३४९. एका चाकाच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत मोजा. पण आधी चाकं मूळची आहेत का बघा, रुंद रिम असेल तर ते माप निरुपयोगी.

सायंतारा

रिम रुंद आहेत, दादा. टायरवर आठवडा-वर्षाचा कोड तीन आकडी आहे, ३४८.

कार्बोरेटर

तीन आकडी म्हणजे २००० च्या आधीचे. ३४ वा आठवडा आणि ८ ने संपणारं वर्ष. १९७८, १९८८ किंवा १९९८ असावं. काहीही असो, त्या टायरांवर गाडी हलवू नका, ट्रेलरवर चढवण्यापुरतीसुद्धा नाही.

पानापक्कड

मग ट्रॅक सोडा. बॉडी क्रमांकाची पट्टी इंजिनाच्या खोलीत मागच्या पत्र्याकडे शोधा. नसेल तर पाया २१०१ की २१०३ हे उघडं राहील, आणि तसंच लिहावं.

आता मनापासून एक सांगतो. या गाडीत माणूस सेडानपेक्षा पुष्कळ खाली बसतो. स्टिअरिंग बॉक्स जागचा हलला नसेल तर स्टिअरिंगचा शाफ्ट कुठेतरी वाकवून, जोड देऊन खाली आणलेला असणार. तो जोड कुणी, कसा वेल्ड केला ते कळल्याशिवाय ही गाडी कुणी चालवू नये. बांधणारा कितीही चांगला असला तरी. इंजिन बंद पडलं तर माणूस थांबतो, स्टिअरिंगचा जोड तुटला तर थांबता येत नाही. ब्रेकचे रबरी पाइप तर पाहायचेही नाहीत, सरळ नवे घालायचे.

फायबरवाला

जॅक लावताना काळजी घ्या. फायबरच्या खालच्या पट्टीवर नाही, आत पोलादी उंबरठ्यावर. आणि डावी-उजवी बाजू मोजून बघाल? हाताने घडवलेल्या गाडीच्या दोन बाजू कधीच सारख्या नसतात.

सायंतारा

बॉडी क्रमांकाची पट्टी नाही. तिथे दोन रिव्हेटची भोकं आहेत फक्त.

बाजू मोजल्या. मधल्या रेषेपासून डावा मागचा फेंडर उजव्यापेक्षा ११ मिमी जास्त बाहेर आहे. बाहेरून कुणालाही दिसणार नाही. मग ट्रंकमधला गालिचा उचलला, कारण आतून तो भाग बघायचा होता. रेझिनवर पेन्सिलने एक बाण काढलाय, डावीकडे, आणि पुढे लिहिलंय: ११. त्याच्याखाली उजवीकडे दुसरा बाण होता, तो खोडलाय. त्याला माहीत होतं. त्याने मोजलं होतं, मी मोजलं तेवढंच आलं होतं त्यालाही.

मी काकूंना बोलावून ते दाखवलं. त्या बराच वेळ वाकून बघत राहिल्या. काका रविवारी गाडीखाली टॉर्च घेऊन झोपायचे, काय बघतोस विचारलं तर "बघतोय कसं केलंय" एवढंच म्हणायचे, असं त्यांनी सांगितलं.

भंगारवाल्याला 'नाही' म्हणून कळवलंय. जाणकार हातात जाईपर्यंत गाडी शेडमध्येच राहील. कागदावर मी असं लिहून ठेवलंय: पाया वाझ-२१०१ किंवा २१०३, व्हीलबेस मूळचा, इंजिन २१०३, बॉडी हाताने घडवलेली, एकमेव, बांधणारा अज्ञात. रविवारी एका वेल्डिंगच्या जाणकाराला घेऊन स्टिअरिंगचा शाफ्ट काढतोय. जोडाचा फोटो इथे टाकते, पानापक्कडदादा, तुम्ही नक्की बघा.

पानापक्कड

बघतो. काढण्याआधी शाफ्ट आणि बॉक्स दोन्हींवर खडूने एक सरळ रेघ मारून ठेवा, परत बसवताना तीच जुळवायची.